गळतंय म्हणजे संपलंय का? छपराबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याआधी छपराकडे नीट पाहून घ्यायचे हे दिवस. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. साहित्य वेगळं असलं तरी बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: ठेकेदार म्हणतो सगळं बदला, आम्ही काय करू?

प्रश्न : दापोलीजवळ आमचं मंगळुरी कौलांचं जुनं घर आहे. साठेक वर्षं झाली असतील. गेल्या पावसात चार ठिकाणी गळलं. ठेकेदार म्हणतो, यात आता काही राहिलेलं नाही, सगळं उतरवा आणि पत्रे घाला. खरंच बदलायची वेळ आली आहे का, हे आम्ही कसं ओळखायचं?

चार ठिकाणी गळतं एवढ्यावरून छप्पर संपलं असं होत नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच असतो की दोन-तीन वर्षांत शाकारणी (कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावणं) झालेली नाही. कौलारू छपरात तीन थर असतात: वरची कौलं, त्यांना धरणाऱ्या रिपा, आणि रिपा पेलणारे वासे, आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) नि तुळया. तिघांचं आयुष्य वेगळं. कौलं आणि रिपा बदलणं ही दुरुस्तीच. वासे आणि आढं गेलं असेल तरच छप्पर बदलायला झालं म्हणायचं. तेव्हा ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की या तिघांपैकी काय गेलंय ते दाखव.

तपासणी आतून सुरू करा. भर उन्हात दारं-खिडक्या लावून माळ्यावर अंधार करा आणि वर पाहा. दोन कौलांच्या सांध्यातून बारीक उजेड येतो, त्याची काळजी नको. तिथे वरच्या कौलाने खालच्याला झाकलेलं असतं. उजेडाची रेघ कौलाच्या अंगातून आडवी-तिडवी दिसली तर ते कौल फुटलंय. खालच्या रिपेवर खडूने खूण करून ठेवा. आणखी एक: ठिबकतं तिथेच दोष असेल असं नाही. पाणी वाशाच्या पाठीवरून घसरत येतं आणि गाठ किंवा खाच लागली की खाली पडतं. म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने वर शोधत जा. दोन पाखी, म्हणजे छपराचे उतार, जिथे खाली मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ आणि आढ्यावरच्या कोन्यांचा (माथ्यावरच्या कौलांचा) चुना या दोन जागा आधी बघा. पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला साचला की पाणी कडेवरून आत येतं आणि बिचाऱ्या कौलांना बोल लागतो.

आता कौलं. वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा काढून घ्या. एका हाताने उभं धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बारीक चीर आहे किंवा कौल पोचट झालंय. कौलाच्या पाठीवरचा, रिपेत अडकणारा उंचवटा शाबूत आहे का पाहा. तो मोडला असेल तर कौल नुसतं वजनावर बसलेलं असतं आणि वाऱ्याने सरकतं. मग वजनाची परीक्षा घ्या. कौल चार दिवस कडक उन्हात वाळवा, वजन करा. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसा, पुन्हा वजन करा. कोरडं २ किलो ६०० ग्रॅम आणि ओलं ३ किलो १०० ग्रॅम भरलं तर कौल सुमारे १९ टक्के पाणी पितंय. चांगल्या कौलासाठी वीस टक्क्यांच्या आसपास मर्यादा धरतात. पंचवीसच्या पुढे गेलेलं कौल पावसात बारा महिन्यांचं शेवाळ धरतं, त्याच्या खपल्या निघतात आणि खालच्या रिपा कधी वाळतच नाहीत. पाच-सहापैकी एखादंच असं निघालं तर चिंता नाही. निम्मी निघाली तर कौलांचा थर बदला.

खरी परीक्षा लाकडाची. टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाला तीन ठिकाणी टोचा: भिंतीवर टेकतो तिथे, आढ्याला मिळतो तिथे आणि पागोळ्यांकडच्या टोकाला. सागाच्या, किंजळीच्या धड वाशात टोक पाव इंचही जात नाही. सहज अर्धा इंच घुसलं आणि लाकूड भुशासारखं निघालं तर तो भाग गेला. भिंतीत पुरलेली टोकं आधी कुजतात, कारण तिथे ओल राहते आणि वारा लागत नाही. बाहेरून रंग लावलेला असतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी; एखादी नळी फोडून आठ दिवसांनी पाहा, पुन्हा बांधली असेल तर ती जिवंत आहे. बारीक गोल भोकं दिसली तर भुंगा. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. आठवड्याने त्यावर पिवळसर ताजं पीठ पडलं तर किडीचं काम चालू आहे, नाही पडलं तर ती भोकं जुनी आहेत आणि लाकूड अजून वर्षानुवर्षं टिकू शकतं.

मग दोरी. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधा आणि मधला झोळ मोजा. जुनं लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराने थोडं वाकतंच. पूर्ण लांबीत एकसारखा, सावकाश झोळ असेल तर तो बहुधा जुना आहे. माप लिहून ठेवा, पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या. वाढला नसेल तर घाबरू नका. पण एकाच जागी कोन झाल्यासारखा मोडता वाक असेल तर तिथे लाकूड कुजलंय किंवा सांधा सुटलाय, आणि तो पाऊस संपण्याची वाट बघत नाही. दहा फुटांच्या वाशाला पाऊण इंचाहून जास्त झोळ असेल तर सुताराला वर चढवून दाखवाच.

शेवटी भिंती. ओळंबा सोडून पाहा. भिंतीचा माथा बाहेर झुकला असेल आणि वरच्या बाजूला आडवी भेग असेल तर वासे भिंतीला बाहेर ढकलतायत. याचं नेहमीचं कारण म्हणजे माळा उंच करायला किंवा पंखा लावायला कोणीतरी मधली तुळई कापलेली असते. हे दिसलं तर मात्र इंजिनियरला बोलवा. कौलं बदलून भिंत सरळ होत नाही.

हिशेब असा. मंगळुरी कौलं साधारण १५ लागतात एका चौरस मीटरला; फूटतूट धरून शंभर चौरस फुटांना दीडशे. तुमची पाखी मिळून हजार चौरस फूट असतील तर प्रत्यक्ष छपरावर सुमारे १४०० कौलं बसतात, म्हणजे कोरडं वजन साडेतीन टनांच्या वर, आणि भर पावसात भिजल्यावर त्यात आणखी सहा-सातशे किलो. पाचातलं एक कौल बदलायचं असेल तर शाकारणी पुरे. त्याहून जास्त असतील तर एक युक्ती आहे: सगळी उतरवा, चांगली जुनी कौलं एका पाखीवर लावा आणि नवी दुसऱ्या पाखीवर. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, एकाच पाखीत मिसळलीत की सांध्यांतून गळणारच. खरेदीला जाताना जुनं कौल सोबत न्या. रिपांमधलं अंतर (साधारण साडेबारा इंच) कौलावर ठरतं. कौल बदललं तर रिपा उचकटून पुन्हा ठोकाव्या लागतील, हे आधीच धरा.

पत्र्याबद्दल एकच सांगतो. तुमचे साडेतीन टन उतरवून अर्धा मिलिमीटरचा पत्रा घातला तर वर जेमतेम साडेचारशे किलो उरतात. आजवर छप्पर भिंतीवर टिकलं ते बरंचसं स्वतःच्या वजनावर. पत्रा घातला की वारा त्याला वर ओढतो, आणि भिंतीवरचा पाट (वासे ज्यावर टेकतात ते आडवं लाकूड) भिंतीला बोल्टने बांधलेला नसेल तर पाटासकट उचलतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं उडाली, तसे पत्रेही उडाले. पत्रा घालायचाच असेल तर खालची बांधणी नवी करा. नुसतं 'कौल काढ, पत्रा घाल' ही स्वस्ताई महागात पडते. आणि कौलंच ठेवणार असाल तर पागोळ्यांकडच्या दोन ओळी व आढ्याजवळची एक ओळ तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधून घ्या. वारा सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : मुलुंडमध्ये चार मजली इमारतीत आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. इमारत १९८७ सालची. बेडरूमच्या छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. सोसायटीचं म्हणणं, गच्चीवर आणखी एक कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) घालून घेऊ. तेवढं पुरेल का?

नाही. उलट त्याने धोका वाढू शकतो. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतो. माणसं वावरतील अशा गच्चीसाठी डिझाइनमध्ये वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. म्हणजे दुसरा कोबा घातला की गच्चीवर कायमची गर्दी उभी केल्यासारखंच, तीही गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर. अनेक गच्च्यांवर आधीच दोन कोबे आणि वर चायना मोझॅक असतो. आतापर्यंत किती थर चढलेत ते एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मोजा.

पोपडा का पडतो, ते समजलं की पुढचं सोपं जातं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळीभोवती अल्कधर्मी वातावरण असतं, त्यामुळे ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, ते वातावरण संपतं आणि वरून ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. त्या काळातल्या स्लॅबला खालचं आवरण पंधरा मिलिमीटरच धरलेलं असायचं, आणि प्रत्यक्षात कामगार सळ्यांवरून चालले की तेही राहायचं नाही.

तुम्हाला घरी करता येण्यासारखं: हातोडीच्या मागच्या टोकाने छत हळू वाजवत जा आणि पोकळ आवाज येतो तो भाग खडूने आखा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा हवाच. भेगांची दिशा बघा. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. सळीच्या रेषेत सरळ, ठरावीक अंतरावर एकापाठोपाठ एक भेगा आणि त्यांत तांबूस ओघळ असतील तर आत गंज चालू आहे. सळी उघडी असेल तर तारेच्या ब्रशने गंज घासून काढा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. ८ मिलिमीटरची सळी ७ भरली तर वाटतं एकच मिलिमीटर गेला, पण क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटलेलं असतं. छताच्या मधला झोळही दोरीने मोजा. बारा फुटांच्या गाळ्यात (दोन तुळयांमधल्या छतात) साधारण १५ मिलिमीटरची मर्यादा धरतात. त्यापुढे गेला तर इंजिनियरला आजच कळवा.

पुढचं काम स्ट्रक्चरल ऑडिटचं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ते बंधनकारकच आहे, आणि तुमची इमारत त्यात येते. अहवालात आकडे मागून घ्या. नुसतं 'दुरुस्ती आवश्यक' असं लिहिलेला कागद घेऊ नका. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली संशयास्पद. हाफ-सेल चाचणीत (सळीचा विद्युतदाब मोजतात) उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. गुलाबी झालं तर सळीला अजून संरक्षण आहे, रंगच आला नाही तर गेलं. शेवटी इमारतीला वर्ग मिळतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यासाठी पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना करता येईल अशी संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

स्लॅब दुरुस्त करायचा की तोडून नवा ओतायचा? आमचा ठोकताळा असा: पोकळ भाग एक तृतीयांशाच्या आत, सळ्यांची घट दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत आणि झोळ मर्यादेत असेल तर दुरुस्ती टिकते. छताचा निम्मा भाग पोकळ वाजतोय, सळ्या पाव भागाने गेल्यात, काही ठिकाणी तुटल्यात, तर त्या गाळ्याचा स्लॅब तोडून नव्याने ओतणं शहाणपणाचं. मात्र हा निर्णय तुमचा किंवा ठेकेदाराचा नाही, डिझाइन करणाऱ्या इंजिनियरचा आहे.

दुरुस्तीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती 'पोपडा काढून गिलावा मारला' यात. सळीच्या मागे वीस-पंचवीस मिलिमीटर काँक्रीट खोदायला हवं, म्हणजे बोट मागून फिरेल. सळी चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लेप, मग बाँडिंगचा थर आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर. मागचा गंज तसाच ठेवून केलेला गिलावा एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा पडतो, आणि पडताना आधीपेक्षा मोठा तुकडा घेऊन पडतो. वर गच्चीचा जुना कोबा पूर्ण काढून नवं वॉटरप्रूफिंग करा, मोठा ब्रेकर न लावता. उतार शंभराला एक, कठड्याशी गोलाई, आणि काम झाल्यावर पन्हाळी बुजवून किमान ४८ तास पाणी साठवून ठेवा. खालून ठिबका दिसला तर उरलेले पैसे देऊ नका.

तोवर त्या खोलीत झोपू नका. पोकळ भागाखाली लोखंडी टेकू लावून घ्या, पण खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत टेकू हवेत, नाहीतर भार तिथल्या स्लॅबवर येतो.

प्रश्न : उमरगा तालुक्यात आमच्या आजोबांचं माळवदाचं (लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं) घर आहे. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून ठेवायचंय. वडील दर वर्षी वर पांढरी माती टाकतात. धोका कशावरून ओळखायचा?

धोका त्या दर वर्षीच्या मातीतच आहे. गळलं की माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं करत करत सहा इंचांचं माळवद दीड फुटाचं होतं. भिजलेली माती एका फुटाच्या थराला चौरस मीटरमागे साडेपाचशे-सहाशे किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं यांनीच माणसं दडपली. तुमच्या भागात हे सांगायची गरज नाही.

कोपऱ्यात मोजपट्टी खुपसून जाडी मोजा. नऊ इंचांच्या वर असेल तर जुना थर उतरवा, वरून एकसारखा, आणि एका खणाचं काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्या खणाला हात लावा. आतून तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे टोचून पाहा. कडीपाटाच्या फळ्यांवर काळे डाग असतील तर ओल जुनी आहे. मातीचे ओंजळभर ढेकळ फळ्यांच्या फटीतून आत पडू लागले असतील तर फळ्यांवर अंथरलेला पाला संपलाय आणि मधला थर नवा घालावा लागेल. तुळई मधोमध आडवी चिरलेली दिसली तर पाऊस सुरू होण्याआधी तिच्याखाली खांब द्या. सलग तीन-चार दिवस झड लागली की त्या घरात रात्री झोपू नका. भिजल्याचं वजन सर्वांत जास्त तेव्हाच असतं.

प्रश्न : सिन्नरला घराच्या मागच्या खोल्यांवर तीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत. खालून ओलसर दिसतात, पण ठिबकत नाहीत. बदलायला हवेत का?

जुन्या सिमेंट पत्र्याला पावसात खालून ओल धरणं नेहमीचंच आहे. नव्या पत्र्याच्या चाचणीतही खालच्या बाजूची ओल चालते, थेंब चालत नाही. बदलायची लक्षणं वेगळी: आकड्यांच्या बोल्टपासून निघालेल्या भेगा, कडा बोटाने दाबल्यावर चुरा होणं, आणि पृष्ठभागावर राखाडी लोकरीसारखे तंतू उघडे पडणं.

हे तंतू बहुधा ॲस्बेस्टॉसचे. त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानले जातात आणि धोका धुळीतून असतो. पत्रा धड आहे तोवर तो छेडू नका. त्याला भोकं पाडणं, कटर लावणं, तारेच्या ब्रशने शेवाळ घासणं, प्रेशरचं पाणी मारणं यातलं काहीही करू नका. काढायचेच असतील तर पाण्याचा हलका फवारा मारून ओले करा, बोल्ट कापा आणि पत्रा अख्खा उतरवा, आपटू नका. मास्क पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा; रुमाल चालत नाही. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि विल्हेवाटीबद्दल नगरपरिषदेला विचारा. ते फोडून रस्त्याच्या भरावात टाकायची पद्धत आहे, ती सोडा.

आणि या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. वरून दगडासारखा दिसणारा पत्रा माणसाच्या वजनाने काही न सांगता फुटतो. निदान दोन बारवर (पत्रा पेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर) टेकतील अशा लांब फळ्या टाकूनच वर जा.

प्रश्न : लोखंडी पत्र्याला स्क्रूच्या जागी भोकं पडली आहेत. डांबर लावून चालेल?

स्क्रूचे रबरी वॉशर कडक होऊन तडकलेले असतील आणि पत्रा बाकी चांगला असेल तर डांबर नको. जुना स्क्रू काढा आणि त्याहून एक माप जाड स्क्रू नव्या ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरसकट बसवा. पांढरी पूड दिसली तर जस्त झिजतंय, अजून वेळ आहे. तांबूस गंज फक्त कापलेल्या कडेला असेल तर घासून झिंक प्रायमर लावा. पण पत्र्याच्या मधोमध, खालच्या बाजूने तांबूस ठिपके दिसू लागले तर तिथलं जस्त संपलंय. असा पत्रा बोटाने दाबून पाहा. कुरकुरला तर बदला. नवा घेताना दुकानदाराला जाडी विचारून थांबू नका, मायक्रोमीटरने मोजून घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या नावाखाली ०.४० सर्रास दिला जातो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, कडेच्या बारवर प्रत्येक उंचवट्याला एक, आणि वॉशर चेपून बाहेर येईल इतका आवळू नका.